मिंको तांबटाचं काळीज

बापाने लपवलेली बाटली शोधून काढण्यात नेदा शाळेत जायच्या आधीपासूनच तरबेज होती. मधमाश्यांच्या रिकाम्या पेटीत, हिवाळ्यातल्या बुटात, विहिरीत दोरीला बांधून, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यात अंड्यांखालच्या पेंढ्यात. आई तिला नुसती डोळ्याने खूण करायची आणि पोर बरोब्बर तिथे जाऊन बाटली घेऊन यायची. पुढे बाप त्या बाटल्यांपायीच गेला. पण नेदाच्या नाकाला आणि डोळ्यांना लागलेलं वळण काही गेलं नाही. माणूस दारात आला की ती आधी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या पावलांकडे बघायची.

म्हणूनच तिने मिंकोशी लग्न केलं. मिंको तांबट होता. स्लिवोवो गावात आणि आजूबाजूच्या डोंगरवाड्यांत आलुबुखाराची दारू, रकिया, गाळायच्या जेवढ्या भट्ट्या होत्या, त्या सगळ्यांची तांब्याची भांडी तोच ठोकायचा, सांधायचा, कल्हई करायचा. आणि स्वतः मात्र एक थेंब प्यायचा नाही. त्याच्या लग्नात त्याच्या मामाने भर मांडवात त्याची टर उडवली होती, "बघा रे, हलवाई निघाला आणि साखर खात नाही!"

"मामा, मी अख्खं डोकं त्या भांड्यात घालून कल्हई करतो," मिंको म्हणाला होता. "वासानेच माझं पोट भरतं. आता नरड्यात कशाला ओतू?"

मंडळी हसली. नेदा हसली नाही. तिने मनात देवाचे आभार मानले.

संसार चांगला झाला. नेदा शाळेच्या स्वयंपाकघरात आचारीण होती, हाताला चव होती. रविवारी तिच्या ओव्हनमधून बानित्सा निघायची, पापुद्र्यापापुद्र्यात चीज आणि लोणी भरलेली, आणि मिंकोसाठी वेगळा एक कोपरा पिठीसाखर पेरलेला. मिंको गोड खाणारा. भट्टीवर कामाला गेला की लोक बाकीच्यांना रकिया द्यायचे आणि त्याच्यापुढे लिंबू-सोड्याची मोठी पिवळी बाटली ठेवायचे. नाहीतर नाशपातीच्या मुरंब्याचं गोड पाणी. "आमच्या मिंकोचं दूध आलं," असं म्हणून हसायचे. मिंको आख्खी बाटली संपवायचा. भट्टीपाशी उकडायचंही फार.

पन्नाशी ओलांडल्यावर त्याला मधुमेह निघाला. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. गावात अर्ध्या लोकांना होता. गोळ्या सुरू झाल्या, नेदाने रविवारच्या कोपऱ्यावरची पिठीसाखर थोडी कमी पेरली आणि दोघांनी तो विषय तिथेच मिटवला.

विषय उघडला तो एका वसंतात. गावच्या डॉक्टरीणबाई तोनेवा यांनी मिंकोचं रक्त तपासलं, लिव्हरचे आकडे वर गेलेले दिसले, म्हणून त्यांनी त्याला शहरात पोटाची सोनोग्राफी करून यायला सांगितलं. "आणि रिपोर्ट घेऊन परत माझ्याकडे या," असं बजावूनही सांगितलं. "हृदयाची पट्टीसुद्धा, ईसीजी, काढायची आहे. साखर असलेल्या माणसाचं हृदय मला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

शहरातल्या दवाखान्यात मशीनवर बसलेला माणूस घाईत होता. मिंकोच्या पोटावर थंडगार जेल चोपडून त्याने यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बघत च्च-च्च केलं.

"काका, रकिया जरा आवरा आता. लिव्हर बघा कसं चरबीने पांढरं पडलंय. पिणाऱ्याचं लिव्हर आहे हे."

"मी पीत नाही," मिंको म्हणाला.

"माझ्याकडे येणारा कुणीच पीत नसतो, काका," तो माणूस हसून म्हणाला. "उठा. पोट पुसा."

नेदा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. आणि इतकी वर्षं गप्प बसलेली तिच्या मनातली पाल तेव्हा चुकचुकली.

परतीच्या बसमध्ये मिंको रागाने लालबुंद होऊन बसला होता. "मला दारुड्या म्हणाला! मला! अख्ख्या जन्मात थेंबाला शिवलो नाही आणि हा कालचा पोरगा..."

"मशीन खोटं कशाला बोलेल?" नेदा हळूच म्हणाली.

मिंकोने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघायला लागला.

तोनेवाबाईंकडे तो परत गेला नाही. "जाऊन काय करू? तीही तेच म्हणायची," म्हणाला. नेदानेही फार आग्रह धरला नाही. बाईंनी तेच म्हटलं तर काय करायचं, ही धास्ती तिलाही होती. बाईंचा दोनदा फोन आला. नेदाने "हो, येतो" म्हणून ठेवून दिला.

आणि मग तिने शोधायला सुरुवात केली. आधी मनाशी म्हणाली, एकदा बघते आणि विसरते. मिंको कामाला गेला की ती त्याच्या कारखान्यात शिरायची. कारखाना म्हणजे अंगणातलं पत्र्याचं छप्पर, ऐरण, हातोडे, कथील आणि नवसागराचे डबे. तिने डबे उघडून हुंगले. ऐरणीखालचं लाकूड सरकवून बघितलं. जाळाच्या भात्यात हात घातला. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या रकियाच्या बाटलीवर तिने पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली. दारू रेघेखाली उतरली नाही. तेव्हा तिला वाटलं, हा पिऊन वर पाणी घालत असेल. म्हणून जिने जन्मात दारू तोंडाला लावली नव्हती, तिने एक घोट घेऊन बघितला. घसा जळाला, डोळ्यांतून पाणी आलं. चांगली कडक होती. पण संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. बाटली भरलेली आहे म्हणजे दुसरी बाटली कुठेतरी आहे, एवढाच अर्थ तिने काढला.

कारण खुणा सगळ्या होत्या. तिच्या बापाच्या खुणा. मिंको संध्याकाळी घरी यायला उशीर करायचा. आला की पायऱ्यांवर थांबून कठडा धरायचा. कपाळावर घाम. तोंडाला पुदिन्याच्या गोळ्यांचा वास. जेवता जेवता पेंगायचा. काही विचारलं की वस्सकन अंगावर यायचा.

"गोळ्या कशाला चघळतोस?"

"पोटात जळजळतं म्हणून!"

"पूर्वी नव्हतं जळजळत."

"पूर्वी तू पोलिसात नव्हतीस!"

उन्हाळ्यात एके दिवशी आलुबुखाराच्या बागेत काम करताना तो दुपारीच झाडाखाली आडवा झाला. चेहरा मातकट, दोनदा ओकला. नेदाने त्याला पाणी दिलं, पण पाणी देताना वाकून त्याचं तोंड हुंगलं. त्याला ते कळलं. "हुंग," तो पडल्या पडल्या म्हणाला. "नीट हुंग." वास आला नाही. तरी ती घरी येऊन त्याच्याशी बोलली नाही, पुढचे काही दिवस बोललीच नाही. भट्टीवर काम करणाऱ्याच्या अंगाला तर नेहमीच वास असतो. त्यात काय शोधायचं आणि काय सोडायचं?

शेजारच्या स्तोइलाने आगीत तेल ओतायचं काम चोख केलं. स्तोइला कुंपणापलीकडे मिरच्या भाजत होती. "नेदे, वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली, "पण परवा तुझा मिंको चर्चच्या भिंतीला हात लावून उभा होता. भरदुपारी. मी हाक मारली, तर नुसता हात हलवला. माझा थोरला दीर असाच उभा राहायचा."

"तुझा दीर पीत होता."

"तेच तर म्हणते," स्तोइला म्हणाली आणि मिरची उलटवली.

त्यातच एक दिवस नेदाला कारखान्यात, जुन्या चामडी एप्रनच्या खिशात पांढऱ्या भुकटीची एक डबी सापडली. तिने बोटाने चाखून बघितलं. खायचा सोडा. ती तिथेच ऐरणीवर बसली. सोडा! बायको घरात असताना माणूस पोटाचा सोडा चोरून का खाईल? दारूचा वास मारायला, दुसरं काय! बापही शेवटी शेवटी असंच काहीबाही चघळायचा.

रोज ती असा घराचा कोपरा न् कोपरा धुंडाळत होती आणि रोज रात्री त्याच नवऱ्यापुढे पांढऱ्या पावाची जाड कापं, डुकराच्या चरबीत परतलेले बटाटे आणि जेवणावर घोट घ्यायला पिवळी बाटली मांडत होती. ते काही तिला खटकलं नाही. खटकण्यासारखं त्यात काय होतं? घरोघरी तेच होतं.

शरद ऋतूत, संत दिमित्रच्या सणाच्या सुमारास, गावातल्या भट्ट्या पेटल्या. वल्चोची भट्टी सगळ्यांत मोठी. त्याच्या भांड्याचा सांधा गळायला लागला म्हणून त्याने मिंकोला बोलावलं. मिंको सकाळी गेला. काम तासा-दोन तासांचं. दुपार उलटून गेली तरी पत्ता नाही. स्तोइलाने कुंपणावरून डोकं वर काढलं. "वल्चोकडे आज पहिली धार निघाली म्हणे," एवढंच ती बोलली.

नेदाने डोक्याला रुमाल बांधला आणि तरातरा निघाली. आज मुद्देमालासकट धरायचा, असं तिने ठरवलंच होतं. रस्ताभर ती मनातल्या मनात भांडत गेली. काय काय बोलायचं, कुणाकुणासमोर बोलायचं, बापाला जे आई कधी बोलू शकली नाही ते सगळं.

भट्टीच्या खोपट्यात धूर, वाफ आणि पुरुषांचा कलकलाट. तांब्याच्या भांड्याखाली जाळ, नळीतून बारीक धार. चार-पाच जण बाकड्यांवर बसून सॉसेज भाजत होते. आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून मिंको बसला होता, हातात पेला.

"आली, आली! मिंकोची सरकारी तपासणी आली!" वल्चो ओरडला. सगळे खदखदा हसले.

नेदा थेट मिंकोपाशी गेली, त्याच्या हातातला पेला हिसकावला आणि नाकाशी नेला. पाणी. तळाला सोड्याचा पांढरा साका.

"हुंगलंस?" मिंको म्हणाला. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "झालं समाधान?"

कुणीतरी हसू दाबलं. नेदाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तेवढ्यात तिचा हात त्याच्या हाताला लागला. हात बर्फासारखा गार होता आणि ओलाचिंब. इतक्या जाळापाशी बसून गार! तिने त्याच्या कपाळाला हात लावला. तिथेही गार घाम. ओठ राखेसारखे.

"हा केव्हापासून असा बसलाय?" तिने विचारलं.

"सांधा जोडला आणि बसला," वल्चो म्हणाला. "म्हणाला, पोटात गोळा आलाय, जरा टेकतो. मी म्हटलं, एक घोट घे, पोट साफ होईल. तर घेतो कुठे!"

"छातीत दुखतंय?" नेदाने मिंकोला विचारलं.

"नाही. जबडा जरा ओढतोय. श्वास... घरी चल, नेदे. लोकांत तमाशा नको."

"तमाशा झालाय करून," नेदा म्हणाली. "वल्चो, गाडी काढ."

"वहिनी, अपचन आहे, थोडा वेळ..."

"तू गाडी काढतोस की मी तुझा ट्रॅक्टर नेऊ?"

वल्चोने गाडी काढली. डोंगराच्या वळणांवरून शहरापर्यंत मिंकोचं डोकं नेदाच्या मांडीवर होतं. ती सारखी त्याचं नाव घेत होती आणि तो दर वेळी "हां" म्हणत होता. एका वळणावर त्याने "हां" म्हटलं नाही, तेव्हा तिने त्याच्या गालावर चापट मारली. "मारतेस कशाला," तो पुटपुटला. नेदा रडायला लागली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर धावत आला, स्ट्रेचरवर वाकला आणि त्याचं नाक आक्रसलं. मिंकोच्या कपड्यांना रकियाचा भपका येत होता, अगदी अंगावर पिंप ओतल्यासारखा.

"किती घेतलीय यांनी?" त्याने विचारलं.

"घेतलेली नाही."

"मावशी, खरं सांगा. त्यांच्याच भल्यासाठी विचारतोय. किती?"

नेदाच्या मनात काय आलं ते तिचं तिलाच ठाऊक. या प्रश्नाचं उत्तर अवघ्या जगात तिच्याइतकं कसून कुणीच शोधलं नव्हतं.

"ऐका, साहेब," ती म्हणाली. "वसंतापासून मी या माणसाची दारू शोधतेय. भात्यात हात घातलाय, बुटात घातलाय, त्याच्या तोंडाला नाक लावलंय. असती तर मला सापडली असती. माझ्या बापाची सगळी सापडायची. हा पीत नाही. हा तांबट आहे, भट्टी दुरुस्त करतो, म्हणून वास येतोय. याला साखर आहे. तुम्ही आधी याच्या हृदयाची पट्टी काढा. मग मला काय हवं ते विचारा."

डॉक्टरने तिच्याकडे एकवार बघितलं आणि पट्टी काढायला सांगितली. कागदावरच्या रेघा बघून मात्र तो एकदम बदलला. भराभर सूचना सुटल्या, सुया टोचल्या, अँब्युलन्स मागवली गेली. मिंकोला जिल्ह्याच्या मोठ्या हृदयविभागात नेलं आणि त्याच संध्याकाळी बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून आत स्टेंट बसवला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉ. यानकोव यांनी नेदाला बोलावलं. साठीचा, थकलेला, सौम्य माणूस.

"वाचले," ते म्हणाले. "पण बाई, हा त्यांचा पहिला झटका नाही. हृदयाच्या मागच्या बाजूला जुना व्रण दिसतोय. काही महिन्यांपूर्वीचा असावा. उन्हाळ्यात वगैरे कधी छातीत दुखलं होतं?"

"छातीत नाही," नेदा म्हणाली. "बागेत ओकला होता. घामाने भिजला होता."

"तोच असेल. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे छातीत कळ येईलच असं नाही. दम लागतो, घाम येतो, मळमळतं, जळजळतं. लोकांना वाटतं, पोट बिघडलं. तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"पाणी दिलं," नेदा म्हणाली. तोंड हुंगल्याचं तिने सांगितलं नाही.

"आणि ते लिव्हर?" तिने विचारलं. "मशीनवाला म्हणाला, पिणाऱ्याचं आहे."

"नुसत्या चित्रावरून तसं म्हणता येत नाही. न पिणाऱ्याचंही असंच होतं. साखर ताब्यात नाही, पोटावर चरबी, गोड पाणी, पाव, लोणी... लिव्हर चरबीने भरतं. मधुमेह असलेल्यांत तर घरटी सापडतं. आणि ज्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठते, त्याच्या हृदयावर आम्ही आधी लक्ष ठेवतो. त्या रिपोर्टनंतर हृदय तपासलं नाही कुणी?"

"डॉक्टरीणबाई बोलावत होत्या," नेदा म्हणाली. "आम्हीच गेलो नाही."

घरी आल्यावर मिंको तिच्याशी बोलेना. गोळ्या घ्यायचा, सूप प्यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. नेदाने माफी मागायचे शब्द जुळवून ठेवले होते, पण ते ओठांवर आले की शिळे वाटायचे. शेवटी तोच बोलला. ती त्याची उशी सारखी करत होती.

"त्या दिवशी तू काळजीने आली नव्हतीस."

"नव्हते आले."

"मला धरायला आली होतीस."

"हो."

"काळजीने आली असतीस तर उद्यावर ढकललं असतंस," मिंको म्हणाला. "संशयाला दम निघत नाही." तो हसला नाही. पण उशी सारखी होईपर्यंत त्याने डोकं उचलून धरलं. "सोडा मी तुझ्यापासून लपवला. तू परत त्या मशीनवाल्याकडे नेशील म्हणून. पुन्हा कुणी मला दारुड्या म्हणालेलं मला ऐकवलं नसतं."

"मग मी कुणाला तसं म्हणू दिलं असतं का?"

"तूच तर म्हणत होतीस, बाई."

नेदा स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी घासत बसली.

पिवळ्या बाटल्या घरातून गेल्या. पाव काळा आला, तोही मोजका. घेवड्याचं सूप, दही, भाजलेल्या भाज्या, मासे. शाळेत शेकडो पोरांना जेवू घातलेली ही बाई आता एका माणसाच्या ताटापुढे तोनेवाबाईंना फोन लावून विचारायची, अमुक चालेल का, तमुक चालेल का. मिंको काट्याने प्रत्येक घास उलटून बघायचा. "यात लोणी आहे का? नाही? मग हे चकाकतंय कशाने?" आता संशय घ्यायची पाळी त्याची होती आणि ती पाळी तो मनापासून पार पाडत होता.

वजन हळूहळू उतरलं, साखर ताब्यात आली. रक्तातले लिव्हरचे आकडेही खाली आले, पण हृदय मात्र पहिल्यासारखं झालं नाही. मोठी भांडी ठोकायचं काम सुटलं. लहानसहान कल्हई तो अंगणात बसून करायचा आणि भाता नेदा ओढायची. गावात मात्र वेगळीच आवई उठली. मिंको बारीक झाला, चेहऱ्यावर तेज आलं, हे बघून स्तोइला ज्याला-त्याला सांगत सुटली, "सोडली हो त्याने! झटका आला आणि सोडली. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता!" नेदाने ते ऐकलं तेव्हा ती कुंपणाशी गेली आणि भांडायला तोंड उघडलं. मग तिला आठवलं की ही गोष्ट स्तोइलाच्या आधी कुणी धरून ठेवली होती. ती परत फिरली.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. दोघं वरच्या मेंढवाड्यापर्यंत जायची. चढावर मिंकोची पावलं हळू पडायची.

"दम लागला?" नेदा विचारायची.

"नाही."

"छातीत काही? जबड्यात?"

"नाही म्हटलं ना!"

नेदाचा विश्वास बसायचा नाही. ती वाटेतल्या दगडावर बसकण मारायची आणि म्हणायची, "माझे गुडघे दुखतात." मिंको तिच्या गुडघ्यांकडे संशयाने बघायचा, खोटं बोलतेय हे ओळखायचा, आणि तिच्याशेजारी बसायचा.